चौदा महिने

मुलीने सहीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला, तेव्हा त्याला मुकादमाचं ते पत्र आठवलं. येऊन अकरा आठवडे झाले होते. उत्तराचे सहा मसुदे त्याने फाडले होते. प्रत्येकात काहीतरी जास्त सांगितलं गेलंय किंवा कमी, असं वाटून.

काम जुनंच होतं. समुद्राकाठच्या पवनचक्क्यांची वीज शहरात आणणाऱ्या लांबच लांब लाइनचं. ती उभारताना पोलाद, सिमेंट आणि ट्रक यांपायी किती कार्बन हवेत गेला आणि ही स्वच्छ वीज तो किती काळात भरून काढेल, हा हिशेब निवृत्तीआधी त्याने केला होता. उत्तर आलं होतं, चौदा महिने. आता दुसऱ्या लाइनची सुनावणी सोमवारी होती. मुलगी त्या लाइनची मुख्य इंजिनिअर. समितीला आधार म्हणून पहिल्या लाइनचा तोच आकडा त्याच्या सहीनिशी हवा होता.

आणि पहिल्या लाइनवरच्या त्या मुकादमाने लिहिलं होतं, की दलदलीतल्या साठ टॉवरांच्या पायात आम्ही नकाशापेक्षा चौपट काँक्रीट ओतलं. साहेबांच्या तक्त्यात ते कुठे धरलंय, एवढंच कळवावं.

कुठेच धरलं नव्हतं. त्याने नकाशे वाचले होते. दलदलीत तो गेलाच नव्हता.

"सही करताय ना?" मुलगी म्हणाली. "किराण्याची यादी तीनदा तपासता तुम्ही. हा आकडा तर तीस वेळा तपासला असेल."

तो हसला नाही. पेनाचं टोपण त्याने काढलं, पुन्हा लावलं. आकडा बदलला तर सुनावणी वर्षभर लांबेल, हे मघाशी तिनेच सांगितलं होतं. तोवर कोळशाचं केंद्र चालू राहणार. त्या एका वर्षाचा धूर त्याने मनात मांडून पाहिला. त्याच्या चुकीच्या कितीतरी पट निघाला. या हिशेबात मात्र कुठे खोट सापडत नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

खालचा खण ओढून त्याने पत्र तिच्यासमोर ठेवलं.

"एकोणीस होतात," तो म्हणाला. "चौदा नाही."

तिने पत्र उघडलंच नाही.

"मुकादमांनी आधी मला विचारलं होतं. मी म्हटलं, हिशेब बाबांचा आहे, त्यांनाच लिहा."

"आणि मी आज सही केली असती तर?"

तिने सहीचा कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"तर मीही केली असती."

घडी घालून तिने तो पर्समध्ये टाकला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. हो, एकोणीस. नाही, लेखी देऊ. मग पलीकडचं माणूसच बोलत राहिलं आणि ती नुसती ऐकत उभी राहिली.

सातवा मसुदा दोन ओळींचा झाला. चूक माझी. आकडा सुधारून समितीला देत आहोत. आभाराची तिसरी ओळ लिहावी की नाही, यावर तो अडला. मग तिकीट चिकटवून घरातल्या चपलांनिशीच खाली उतरला.

टपालपेटीच्या तोंडाशी हात थांबला.

"आजोबा, टाकताय ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने टाकलं.