जेवणाआधी एक कार्ड

धाकटीला एका गोष्टीचा फार राग होता, आणि ती गोष्ट म्हणजे वहिनीचं कार्ड काढणं.

दादाचा कारखाना कृत्रिम पाय बनवण्याचा. कारखाना कसला, तीन खोल्या आणि एक बोळ! मागे दादा आणि फोमच्या ठोकळ्यातून साचे कोरणारं मशीन, बोळात सर्व्हर, आणि पुढच्या खोलीत वहिनी अन् तिचा डेस्कटॉप. तो इतका जुना की सुरू होताना कण्हायचा. संगणकाचं सगळं खातं दादाच्या बहिणीकडे, म्हणजे आपल्या धाकटीकडे. त्यातलं शिकलेली घरात ती एकटीच, आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही.

तर रोज एक वाजता वहिनी सर्व्हरवरच्या फायलींची नक्कल आपल्या डेस्कटॉपवर उतरवून घ्यायची. एवढ्यावर थांबली असती तर धाकटीने खपवून घेतलं असतं. पण नाही! मग पेशंटच्या कार्डांचा खोका पुढे ओढायचा, डोळे मिटून एक कार्ड उपसायचं आणि त्या माणसाच्या पायाची फाइल त्या नकलेतून उघडायची. पडद्यावर पाय नीट गोल फिरला की कार्डामागे तारीख आणि बरोबरची खूण. मगच डबा. त्याआधी घास नाही.

"वहिनी, लॉटरी काढतेस का गं?"

"हो. बक्षीस म्हणून जेवण मिळतं."

"अगं, माझा प्रोग्राम रोज पहाटे आपोआप बॅकअप घेतो. मला हिरवी खूण येते. तुझं हे डबडं मध्ये कशाला?"

"तुझ्या खुणेला पाय दिसतो का?" वहिनी शांतपणे विचारायची, आणि धाकटी कपाळावर हात मारून निघून जायची.

गेल्या महिन्यात सर्व्हर भरत आला, तेव्हा धाकटीने त्याला नवी डिस्क जोडली. चालू पेशंटच्या साच्यांच्या फायली तिकडे हलवल्या, नव्याही तिकडेच जायची सोय केली. काम झकास झालं. आठवड्याने वहिनी म्हणाली, "अगं, टपालवालीची नवी फाइल माझ्या नकलेत दिसत नाहीये." धाकटी फोनवर होती. "हो हो, बघते." चार दिवसांनी वहिनीने पुन्हा विचारलं. "बघते म्हटलं ना!" आणि विसरली, पार विसरली. हिरवी खूण रोज येतच होती की.

आता ही टपालवाली कोण, ते सांगायला हवं. बारा वर्षं एकाच भागात पायी पत्रं वाटलेली बाई. अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पायात खरी मेख असते ती वाटीत, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तिच्यात. ती केसभर चुकली तरी कातडं सोलून निघतं. टपालवालीची वाटी जमायला दोन महिने आणि सहा खेपा लागल्या. सहाव्या खेपेला ती उभी राहिली, चार पावलं चालली आणि म्हणाली, "दुखत नाही हो!" दादाने तोंड फिरवून डोळे पुसले. आणि मग चाचणीची वाटी नेहमीप्रमाणे हातोडीने फोडून टाकली. ही त्याची जुनी पद्धत, कारण जमली म्हणून लोक तीच कच्ची वाटी घालून घरी पळतात. आकार फायलीत आहे, मग चिंता कसली?

पक्क्या वाटीचा साचा बुधवारी कोरायचा होता. शनिवारी टपालवालीला पोस्टातल्या साहेबांसमोर चालून दाखवायचं होतं. चालली तर तिचा रस्ता तिचा, नाही तर तो दुसऱ्याला आणि हिला जन्मभर खिडकीमागची खुर्ची.

बुधवारी सकाळी धाकटीने बोळाचं दार उघडलं आणि पाय पाण्यात. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडा टाकून गेलं होतं. छतातून धार लागली होती ती नेमकी सर्व्हरवर. दोन्ही डिस्का मेल्या होत्या.

"घाबरू नका," ती ऐटीत म्हणाली. "बॅकअप कशासाठी असतो?" कपाटातली बॅकअपची पेटी काढून तिने आपल्या लॅपटॉपला जोडली. जुने साचे होते. मागच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत सगळं होतं. त्यानंतर काही म्हणजे काही नाही. प्रोग्राम बिचारा सांगितलेल्या फोल्डरची इमानदारीने नक्कल करत राहिला होता. नव्या डिस्कबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं धाकटीने.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सहा खेपा, सोललेलं कातडं, फोडलेली वाटी. आता त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"इकडे ये," पुढच्या खोलीतून वहिनीने हाक मारली.

डेस्कटॉप कण्हत सुरू झाला. वहिनीने एक फोल्डर उघडला, मग एक फाइल. आणि पडद्यावर टपालवालीची वाटी सावकाश गोल फिरली, सहाव्या खेपेची, तारखेसकट.

"ही कुठून आली?"

वहिनीने खोक्यातून टपालवालीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि फाइल मशीनकडे पाठवायला लागली. धाकटीने कार्ड उलटलं. मागे वहिनीच्या बारीक अक्षरात, एकाखाली एक तारखा होत्या.

उघडली नाही. धाकटीला सांगितलं.

उघडली नाही. परत सांगितलं.

नवी जागा शोधली. आता रोज तिथलंही उतरवते.

आणि त्याखाली बरोबरची खूण.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ही बाई तिची चेष्टा हसत ऐकत होती, आणि दोनदा सांगूनही तिने कधी सुनावलं नाही की बाई गं, चुकतेयस तू.

तेवढ्यात मागून मशीनचा आवाज सुरू झाला आणि दादा हात पुसत आला. "शाब्बास गं धाकटे! तुझ्या बॅकअपनं वाचवलं."

वहिनी खाली बघून कार्डं सारखी करत राहिली.

"माझ्या बॅकअपमध्ये काही नव्हतं, दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "वहिनीनं दोनदा सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही. वाचवलं ते हिनं."

"बरं बरं," वहिनी म्हणाली. "रडू नकोस, कीबोर्डवर पडेल. आधीच म्हातारा आहे तो."

शनिवार गेला. सोमवारी दुपारी दारातून टपालवाली आत आली, खाकी पिशवी खांद्यावर, काठी नाही. तिने एक पाकीट टेबलावर ठेवलं. विजेचं बिल होतं. "तुमची गल्ली माझ्या रस्त्यात येत नाही," ती म्हणाली, "पण आजच्यापुरती मागून घेतली." दादा मागच्या खोलीतून धावत आला. वहिनीने खुर्ची पुढे केली, तर ती बसेना. म्हणाली, अजून चाळीस घरं आहेत.

ती गेली तेव्हा एक वाजून गेला होता. वहिनीने डबा काढला आणि सवयीने खोक्याकडे हात नेला. खोका जागेवर नव्हता. तो घेऊन धाकटी डेस्कटॉपसमोर बसली होती, डोळे घट्ट मिटून, एक हात कार्डांत घालून.

"आधी जेव तरी," वहिनी म्हणाली.

"थांब गं," धाकटी म्हणाली. "पाय दिसू दे."