टवका उडालेला शिक्का

मी शिक्का बोलतोय. विद्यापीठाच्या पदवी विभागातला, लोखंडी, दाबाचा. मला शाई-बिई लागत नाही. कागद तोंडात घ्यायचा, वरून दाबायचं, की गोलात विद्यापीठाचं नाव उठून आलं. निदान येत होतं.

तीस वर्षं मी पदव्या चावल्या. पहिल्याच वर्षी नव्याने लागलेल्या कारकून बाईंच्या हातून फरशीवर आपटलो आणि कडेचा टवका उडाला. तेव्हापासून माझा गोल उजवीकडे जरासा तुटका उमटतो. बाई रडकुंडीला आल्या. त्यांनी त्याच दिवशी नव्या शिक्क्यासाठी अर्ज केला. तो अजून विचाराधीन आहे. बाईंना आता सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात.

मग नवे कुलगुरू आले. आपली पत घसरली ती नावामुळे, हा शोध त्यांनी लावला. ग्रंथालय गळतं, निम्म्या वर्गांना शिक्षक नाहीत, हे आपलं किरकोळ. समिती बसली, चौदा महिने बसली आणि दोन शब्दांच्या नावाचे नऊ करून उठली. त्यात 'जागतिक' आलं, 'उत्कृष्टता'ही आली. पाटी मावेना म्हणून फाटक रुंद केलं. नव्या नावाचा चकचकीत शिक्का आला आणि मी बाईंच्या टेबलावर कागद दाबून बसलो.

एके दिवशी एक नर्स आली. दुसऱ्या दिवशी तिची बढतीची मुलाखत होती आणि रुग्णालयाने तिची पदवी परत केली होती. म्हणे, या नावाचं विद्यापीठ यादीतच नाही.

"आमच्याकडे तरी तुमची नोंद कुठाय?" विभागाचे साहेब म्हणाले. जुनी रजिस्टरं रंगकामात कुठल्या गोदामात गेली, देव जाणे. "पदवी खोटी नाही कशावरून?"

"वीस वर्षं पेशंट सांभाळतेय साहेब, तेही खोटंच का?" तिने पदवी टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटलं. लोखंडालाही वाटतं.

मोठ्या बाई उठल्या. त्यांनी कोऱ्या कागदावर मला दाबलं आणि तो कागद पदवीशेजारी ठेवला. दोन्ही गोल एकाच जागी तुटके.

"खोटा करणारा अख्खा गोल करेल, साहेब. हा टवका माझ्या हातून उडालाय."

साहेबांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि पदवी खरी असल्याच्या दाखल्यावर सही केली. नर्स मला हात लावून गेली.

परवा समिती पुन्हा बसली. नाव फार लांब झालंय म्हणे, कुणाच्या लक्षात राहत नाही. नव्या शिक्क्याचं तोंड उतरलं.

"आजोबा, आता माझं काय होणार?"

"वेळ आहे तोवर एकदा फरशीवर आपटून घे, बाळा," मी म्हटलं. "उद्या कुणाला तरी तुझी ओळख पटवावी लागेल."