काट्याचं दुसरं तोंड

मित्रांनो, मी एक जुना डिस्प्ले आहे. नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकू नका. दुकानातल्या वजनकाट्यावर करड्या काचेत काळे आकडे उमटतात ना, ती काच म्हणजे मी. आता माझ्या एका कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा डाग पसरला आहे. पण एके काळी माझ्यावरून मोठमोठ्या साहेबांची भांडणं झाली होती, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये थेंबभर द्रव, एवढाच माझा देह. वीज मिळाली की आकडे दिसतात, वीज गेली की मी कोरा. कोऱ्या काचेकडे पाहून हा कोण, काय करतो, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझ्या साऱ्या हालअपेष्टांचं मूळ हेच.

मला मागवलं हैदराबादच्या मंगलाताईंनी. त्या मूळच्या पुण्याच्या. पंधरा वर्षांची सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी बालानगरला पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटे करायला घेतले होते. परदेशी मालाला दारं नुकतीच उघडली होती, त्यामुळे त्यांनाही धीर आला. सिकंदराबादच्या एका रेल्वे वसाहतीतल्या ग्राहक भांडारानं त्यांना वीस काट्यांची पहिली ऑर्डर दिली. अट एकच, काटे दिवाळीच्या आत हवेत. नाहीतर भांडार जुनेच तबकडीचे काटे घेणार, शेडला कुलूप लागणार आणि तिथल्या सहा मुली घरी बसणार. त्या मुलींनी वीसच्या वीस काटे करून ठेवले होते. फक्त तोंडं बसवायची राहिली होती. तोंडं म्हणजे आम्ही, चाळीस भावंडं. प्रत्येक काट्याला पुढून एक, मागून एक.

आषाढात आम्ही बेगमपेठच्या विमानतळावर उतरलो आणि तिथेच अडकलो.

कस्टमच्या कचेरीत एक जाडजूड पुस्तक असतं. जगातली प्रत्येक वस्तू त्यातल्या कुठल्या ना कुठल्या खणात बसवावीच लागते. खण ठरला की कर ठरतो. सुईला खण आहे, घोड्याला आहे, विमानालाही आहे. माझाच तेवढा सापडेना! आमच्याबरोबर कारखान्याचं माहितीपत्रक आलं होतं. तो कारखाना सगळ्यांसाठीच काचा करायचा, म्हणून त्याच्या एकाच पानावर घड्याळ, खेळण्यातली मोटार आणि रेडिओ अशी चित्रं होती. झालं! एका साहेबांनी ते पान पाहिलं आणि मला घड्याळाचा भाग ठरवलं. दुसरे म्हणाले, खेळणं. तिसऱ्यांनी मला उजेडाकडे धरलं आणि भिंग-दुर्बिणींच्या पंगतीत नेऊन बसवलं. मंगलाताईंनी अर्जात 'वजनकाट्याचा भाग' असं स्वच्छ लिहिलं होतं. तेवढं सोडून सगळ्यांनी सगळं वाचलं.

शेवटी फाइल केशवरावांच्या टेबलावर आली. हे तेलुगू गृहस्थ कचेरीतले सर्वांत जुने अधिकारी. माणूस सरळ, लाच म्हटली तर चहासुद्धा घ्यायचा नाही. पण पूर्वी एकदा खण चुकल्याबद्दल वरून खुलासा मागवला गेला होता, तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

मंगलाताईंबरोबर खाजा मियाँ असत. कस्टममधून माल सोडवून देणं हा त्यांचा धंदा. केशवरावांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"काटे बीस बोलते. फिर डिस्प्ले चालीस कैकू? एक काटे को दो मुँह रहते क्या? बाकी के बीस बाजार में बेचते तुमे?"

"साब, एक मुँह दुकानवाले की तरफ, एक गिऱ्हाईक की तरफ," मंगलाताई म्हणाल्या. "मशीन लेके आती ना मैं. चालू करके दिखाती."

"मशीन नक्को. कागज पे लिखके देव."

मंगलाताईंनी कागदावर लिहून दिलं. एकदा नाही, तीनदा. केशवरावांनी तिन्ही कागद फाइलला लावले आणि माझ्या जुळ्या भावाला व मला नमुना म्हणून प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून उत्तर आलं, 'नमुना काच आहे. आत थेंबभर द्रव आहे. नमुना फोडल्याशिवाय अधिक सांगता येत नाही. फोडावा काय?'

मित्रांनो, ते वाक्य ऐकून माझ्या आतला थेंबभर द्रव आटायचा बाकी राहिला. केशवराव 'नको' म्हणाले, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. आम्हा दोघांना कापडी पिशवीत घालून, वर लाखेचं सील ठोकून, त्यांच्या कपाटात ठेवण्यात आलं. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. बाहेरून मंगलाताईंचा आवाज ऐकू यायचा. आधी तो ठणठणीत होता, मग मऊ झाला. एकदा त्या खाजा मियाँना म्हणाल्या, "मुली रोज विचारतात, ताई, तोंडं कधी येणार? मी काय सांगू त्यांना?" मला फार वाईट वाटलं. एवढ्या जवळ असूनही मला बोलता येत नव्हतं.

तोड काढली खाजा मियाँनी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हैदराबादेत आयुधपूजा, म्हणजे अवजारांची पूजा, असते. कचेरीतसुद्धा टाइपरायटर, शिक्के, जीपगाडी, सगळ्यांना हार घालतात. खाजा मियाँ म्हणाले, "बाई, कल पूजा है. अपना औजार लेके आओ. काम के वास्ते लाए तो हकालते, पूजा के वास्ते लाए तो कौन हकालता?"

दुसऱ्या दिवशी मंगलाताई हातात काटा घेऊन थेट पूजेच्या टेबलाशी आल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. दोन शिक्के आणि ते जाडजूड पुस्तक यांच्यामध्ये काट्याला जागा मिळाली. हिम्मतराव शिपाई कुंकू लावायला पुढे झाला आणि थबकला. काट्याला पुढे एक चौकोनी भोक, मागे एक चौकोनी भोक.

"इसका मुँह किधर है जी? कुंकू किधर लगाऊँ?"

"तुमच्या साहेबांच्या कपाटात आहे," मंगलाताई म्हणाल्या.

सगळी कचेरी हसली. केशवराव हसले नाहीत. पण सणाच्या दिवशी बिनतोंडाचं अवजार पूजेला ठेवणं त्यांच्याही जिवाला बरं वाटेना. त्यांनी आधी कागद घेतला, सील का फोडत आहोत ते लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि मग कुठे कपाट उघडलं.

मंगलाताईंनी माझ्या भावाला पुढे बसवलं, मला मागे, आणि बटण दाबलं. काटा सुरू होताना आम्ही सगळे आकडे एकदा दाखवतो, म्हणजे कुठलं अंग निकामी नाही ना ते कळतं. मी जीव खाऊन सगळं काही दाखवलं. ओळीनं आठाचे पाच आकडे उमटले आणि त्यांच्या शेजारी, जन्मतः काचेत कोरलेली, किलोची खूण.

केशवराव माझ्या अगदी समोर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ये किलो..." ते म्हणाले. "घडी में किलो कैकू रहता?"

बरोबरच होतं, घड्याळात किलो नसतो. खेळण्यात नसतो, दुर्बिणीत तर नसतोच नसतो. तीन महिने ही खूण माझ्या पोटात होती. कोणी मला चालू करून पाहिलं नव्हतं, एवढंच.

"आता काहीतरी ठेवून बघा," मंगलाताई म्हणाल्या. हिम्मतरावानं प्रसादाचा खोका उचलून काट्यावर ठेवला. कलाकंद होता, दोन किलो. केशवरावांनी वीस वर्षांच्या ओळखीच्या मिठाईवाल्याकडून स्वतः आणलेला. मी आकडा दाखवला. एक किलो सातशे साठ ग्रॅम, तोही खोक्यासकट.

केशवरावांनी खोका उचलून पुन्हा ठेवला. मी काय बदलणार? तेच दाखवलं. त्यांनी पुढे जाऊन माझ्या भावाकडे पाहिलं. तिथेही तेच.

"बीस बरस से," केशवराव हळूच म्हणाले. "उसका काटा उसकीच तरफ मुँह करके बैठता."

"हौ साब," खाजा मियाँ अदबीने म्हणाले. "इसीच वास्ते दो मुँह."

केशवराव खुर्चीत बसले. कलाकंद वाटून होईपर्यंत त्यांनी फाइल ओढली आणि लिहिलं, 'नमुना चालू करून स्वतः पाहिला. काचेत वजनाची खूण कायमची कोरलेली आहे. दुसऱ्या कामास निरुपयोगी. चाळीसही नग वजनकाट्याचेच भाग.' कलाकंद कमी भरला तरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. दिवाळीला चार दिवस उरले असताना वीस काटे सिकंदराबादेत पोचले. त्यातल्या एकावर, गिऱ्हाइकाच्या बाजूला, मी होतो.

ती माझी सुखाची वर्षं. भामाबाई नावाच्या एक आजी यायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या माझे आकडे ओळखायला शिकल्या. "अजून चार दाणे टाक रे, ह्याचं पोट भरलं नाही," असं मला बोट दाखवून दुकानदाराला सांगायच्या. ते बोट मात्र त्या माझ्या काचेवर दाबायच्या, आणि सगळेच दाबायचे. हळूहळू कोपऱ्यात डाग पडला. मग आठाची एक काडी उमटेनाशी झाली आणि माझा आठ सहासारखा दिसू लागला. एके दिवशी आठशे ग्रॅम डाळ माझ्या बाजूला सहाशे दिसली. दुकानदार भावाचं म्हणणं सोडेना, गिऱ्हाईक माझं सोडेना, आणि बिचारा दुकानदार विनाकारण चोर ठरला. खोटं मी बोललो होतो. मंगलाताईंनी स्वतः येऊन मला काढलं, तेव्हा मला रागही आला नाही.

पुढची बरीच वर्षं मी शेडमधल्या खणात पडून होतो. परवा मंगलाताईंच्या मुलीनं, ईशानं, भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं मला उलटसुलट करून विचारलं, "ये किस में डालूँ? काँच में, या प्लास्टिक में?"

मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुरू!

मंगलाताई आता थकल्या आहेत. त्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. "दे इकडे. तो काट्याचा भाग आहे," असं म्हणून त्यांनी मला पदरानं पुसलं आणि पहिल्यावहिल्या काट्याशेजारी फळीवर ठेवलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू कोण आहे ते तिच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका, तिला कामाला लावून पाहा. काचेवर बोट दाबू नका. आणि दुकानात काटा तुमच्याकडे पाठ करून बसला असेल, तर लाजू नका. म्हणा, "काका, जरा त्याचं तोंड इकडे करा." तेवढ्याचसाठी मी तीन महिने कपाटात बसलो होतो.