डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा मेंदू

मित्रांनो, ‘ही मुद्दाम करते’ एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, तर लेकीला दाखवायला आलेल्या त्या फोटोग्राफरचा केवढा फायदा होता! त्याचं वर्षभराचं रागावणं रास्त ठरलं असतं, बायकोपुढे मान ताठ राहिली असती आणि लेकीला कडक शिस्तीच्या वसतिगृहात धाडायचा बेत बिनबोभाट पार पडला असता. तोट्याच्या बाजूला एकटी लेक होती.

मी एक जुना मेंदू आहे, प्लास्टरचा. साच्यातून निघालो तेव्हा पांढराफटक होतो. एका रंगारीण मावशीने मला रंगवलं. गाभ्यातल्या गाठींना तर तिने खास जांभळा रंग दिला. वैद्यकीय महाविद्यालयात माझी फार वाहवा झाली. परीक्षा जवळ आली की मुलं मला जरा जास्तच प्रेमाने हाताळत. मग चकचकीत प्लास्टिकचा मेंदू आला आणि मी कपाटावर, कोळ्यांच्या शेजारी गेलो. तिथून डॉक्टरीणबाईंनी मला इथे, त्यांच्या दवाखान्यात आणलं. माझी एक गाठ सैल झाली आहे. टेबलाला धक्का लागला की मी खुळखुळतो. स्वस्थ बसणं माझ्याही नशिबी नाही.

त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीला घरात भिंगरी म्हणत. खुर्ची घट्ट धरून ती स्वतःला आवरत होती. तरी डोळे मिचमिचत, खांदा उडे, घशातून ‘हुक्’ निघे.

“जेवताना बघा, बाई, अगदी गप्प बसते!” फोटोग्राफर म्हणाला. “मी समोर असतो ना! म्हणजे थांबवता येतं. मग शाळेतच काय होतं?”

“आणि जेवणानंतर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मोरीत जाऊन दार लावते,” आई म्हणाली. “मग इतका खांदा उडतो की बादली आडवी होते.”

“हे मला कधी सांगितलंस?”

“ऐकता कुठे तुम्ही!”

डॉक्टरीणबाईंनी मला उघडलं. “हे बघ, भिंगरी. या जांभळ्या गाठी म्हणजे दारावरचे पहारेकरी. मेंदूत एकाच वेळी कितीतरी हालचालींची घाई असते. हे हवी ती सोडतात, बाकीच्यांना अडवतात. तुझ्याकडे एखादी हालचाल त्यांची नजर चुकवून सटकते. असं का होतं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. खांदा उडण्याआधी काही वाटतं का गं?”

“आतून खाज येते. उडवला की जाते. मग परत येते.”

“मग दाबायची ती खाज!” बाबा म्हणाले.

“दाबते ना. मेंदूचा कपाळामागचा भाग जोर लावून दार लोटून धरतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण किती वेळ? बरं, तुम्ही रोज माणसं फोटोला बसवता. ‘डोळे मिटू नका’ म्हटलं की काय होतं?”

फोटोग्राफर खुलला. धंद्याची गोष्ट निघाली ना! “हमखास मिटतात! म्हणून मी ते म्हणतच नाही. नवशिके म्हणतात आणि फोटो वाया घालवतात. मी गप्पा मारतो. माणूस कॅमेरा विसरला की टिपतो.”

“आणि हिला जेवताना काय म्हणता?”



“हलू नकोस, म्हणतात,” भिंगरीने सांगून टाकलं. “घासागणिक.”

तिचा खांदा उडाला, टेबल हललं, मी खुळखुळलो. या खेपेला कुणी रागावलं नाही.

“मोठेपणी बऱ्याच जणांचं कमी होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खाज आली की दुसरी साधी हालचाल करायची, हेही शिकवता येतं. पण आधी घरच्यांनी तिच्यावर नजर रोखणं सोडायचं.”

वसतिगृह तिथेच बारगळलं. उठताना बाबांनी बायकोला हळूच विचारलं, “मग जेवताना बोलू तरी काय?”

“गिऱ्हाइकांशी बोलता तेच बोला. त्यांच्याशी बरे गोड असता!”

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असा एखादा खांदा उडत असेल. त्याची नक्कल करू नका, त्याला ‘थांब’ म्हणू नका. नेहमीसारखं बोला.

आता हिशेब. बाबांचा हट्ट गेला. तो गेलेलाच बरा. आईने बाबांची बोलणी खाल्ली, ती हळूहळू विसरेल. पण वर्षभर घरात काय काय शिजलं, त्यातल्या एकाही पदार्थाची चव भिंगरीला आठवत नाही. सगळी किंमत तिनेच भरली.