जळका शेजारी

मित्रांनो, मी एक जुना ग्रॅनाइट आहे, आणि जळका आहे. दोन्ही अर्थांनी. आधी अंगाने जळलो, मग मनाने.

माझा जन्म सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी, आजच्या तेलंगणात, जमिनीखाली खोल झाला. मी निवांत थंड झालो होतो. पुढे कधीतरी मला भेग पडली आणि तिच्यातून उकळता शिलारस घुसला. ना ओळख, ना परवानगी! माझी कड भाजली आणि तो मात्र तिथेच गोठून काळ्या भिंतीसारखा उभा राहिला. अशा भिंतीला डाइक म्हणतात.

वयाने मी मोठा. पण शास्त्रज्ञ येतात ते त्याच्यासाठी. त्याच्या बारीक स्फटिकांतल्या युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजून त्याचे वय काढतात. युरेनियम माझ्यातही आहे. विचारतो कोण? शिवाय गोठताना त्याच्यात त्या काळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा कोरली गेली. वय आणि दिशा मिळाली, की आमची जमीन तेव्हा पृथ्वीवर कुठे होती, कोणत्या खंडाला चिकटलेली होती, हे शोधता येते.

भूगर्भशास्त्र शिकलेली संघप्रिया आली. तिने डाइकचा एक तुकडा घेतला आणि माझ्या भाजलेल्या कडेचा एक. फोडण्याआधी दोघांवर उत्तरेकडे बाण काढला. कारण दगड जागचा हलला, की त्याची दिशा फक्त त्या बाणात उरते.

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक भागातल्या तिच्या घरी डाइक कपाटात गेला, ओढणीत गुंडाळून. मी बाल्कनीत, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर.

"आई, तोपण सॅम्पल आहे गं!"

"असू दे. एवढे दगड आणलेस, एक तरी कामाला येऊ दे," शेवंतीबाई म्हणाल्या.

"बरं, राहू दे. तसाही तो बाजूचाच आहे."

बाजूचाच! हा शब्द मला शिलारसाहून जास्त भाजला.

डाइक प्रयोगशाळेत जाऊन आला. त्याच्या नावाने घरात पेढे वाटले. मग एका रविवारी संघप्रियाच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. "दिशा छान आलीय. पण ती मूळचीच कशावरून? डाइक नंतर कधी तापून ती बदलली असली तर? भाजलेला ग्रॅनाइट मोजलास का? भाजताना त्यानेही तीच दिशा घेतली असणार."

संघप्रिया धावत बाल्कनीत आली. शेवंतीबाई मला तारेच्या घासणीने घासत होत्या.

"आई! काय करतेयस?"

"शाईचा डाग गं. अर्धा निघाला."

बाणाचे टोक गेले होते. नुसती रेघ उरली होती. उत्तर दिशा तिच्या कुठल्या टोकाला, कळेना. खरे सांगतो, मला आनंद झाला. मी बुडालो, तर डाइकही बुडणार होता!

संघप्रियाने मला हातात फिरवले. "थांब. डाइक याच्या उत्तरेला होता. म्हणजे भाजलेली बाजू उत्तरेची!"

"मग मी सुटले ना?"

"तू सुटलीस. पिंपावर ठेवायला आता दुसरं काहीतरी बघ."

मोजणीच्या वेळी मला खोटे बोलावेसे फार वाटले, पण दगडाला ते जमत नाही. माझ्या भाजलेल्या कडेतली दिशा डाइकच्या दिशेशी जुळली; मॅडमनी पूर्वीच मोजलेल्या लांबच्या, न भाजलेल्या ग्रॅनाइटची वेगळी होती. नंतर सगळेच तापले असते, तर तिघांची दिशा एकच झाली असती. म्हणजे डाइकची दिशा मूळचीच होती. संघप्रियाने नकाशावर आमची जमीन सरकवून तिच्या जुन्या सोबती खंडाशेजारी ठेवली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर फोटो मात्र डाइकचाच लागला. मी अजून जळतो.

मित्रांनो, दगडावरची खूण कधी घासू नका. आणि नमुना आणाल, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यालाही तितक्याच जपून आणा. तो त्याच्याबद्दल गोड बोलणार नाही, पण खरे तेच सांगेल.