माळावरचा हूम

“हा लांबचं किती जवळ आणतोय?” बिरुदेवने पुन्हा तेच विचारलं.

नव्या पेठेतल्या दुकानाच्या काउंटरवर दोन व्हिडिओ कॅमेरे ठेवले होते, दोन्ही तळहातावर मावतील एवढे. दुकानाचे मालक विरुपाक्ष मघापासून चित्र किती स्वच्छ येतं, कार्डावर किती वेळाचं मावतं, हे सांगत होते. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“लग्न हाय का वास्तुशांत?”

“पक्षी हाय. आईला दाखवायचाय. त्याच्याजवळ जाता येत न्हाई, बुजतोय.”

 विरुपाक्ष दोन्ही कॅमेरे उचलून म्हणाले, “मग हितं बसून काय कळणार? चला भायेर.”

दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पहिला कॅमेरा रस्त्याच्या पार टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीवर रोखला. टाकीच्या कडेला एक कबुतर बसलं होतं. छोट्या पडद्यावर ते मोठं होत गेलं आणि होता होता त्याचे नुसते राखाडी चौकोन झाले.

“ह्याच्यावर आकडा मोठा छापलाय, पण ह्यो नुसतं चित्र ताणतोय. आता ह्यो बघा.”

दुसऱ्या कॅमेऱ्यात कबुतर तेवढं मोठं झालं नाही. पण त्याच्या मानेवरचा हिरवा-जांभळा रंग दिसला आणि मग लाल डोळा. डोळा मिटला, उघडला. बिरुदेवने मान वर करून टाकीकडे पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं.

“ह्योच द्या,” तो म्हणाला.

बिरुदेव चिंचोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. बेअरिंगं, पट्टे, नट-बोल्ट द्यायचे आणि सह्या घ्यायच्या, यात त्याचे केस पिकले होते. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको सोनाली आणि आई बनाबाई. स्वतःच्या हौसेसाठी त्याने आजवर काही विकत घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बनाबाईचं सगळं आयुष्य मेंढरांमागे नान्नजकडच्या माळावर गेलं होतं. पुढे माळ अभयारण्यात गेला, चराई बंद झाली, आणि बिरुदेवच्या वडिलांनी, येडूंनी, कळप मोडला. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. ज्याच्यासाठी माळ राखला गेला, तो माळढोक. मेंढपाळ त्याला हूम म्हणायचे. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. बनाबाईचं त्या पाखराशी वैर असणार, असंच बिरुदेव इतकी वर्षं धरून चालला होता.

मग तिला काचबिंदू झाला. नजर कडेने काळी पडत चालली. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रिक्षातून परत येताना बनाबाई एकदम म्हणाली, “बिरू, हूम अजून हाईत का रं माळाला?”

“एखादा असंल. का गं आये?”

“एकदा बघावं वाटतंय.”

तिला तिथे नेणं शक्य नव्हतं. गुडघे गेले होते. आणि नेलं असतं, तरी एवढ्या लांबून तिला काय दिसणार? सोनालीनेच मोबाइलवर प्रयत्न करून पाहा म्हटलं. बिरुदेव एका रविवारी गेला आणि मोबाइलमध्ये गवतावरची एक काडी घेऊन आला. ती काडी म्हणजे पक्षी होता की खुंट, ते त्यालाही सांगता येईना. त्यानंतरच तो नव्या पेठेत गेला होता.

नवा कॅमेरा हाती आला तरी पहिला रविवार वाया गेला. जवळ आणलेलं चित्र श्वासासरशी हलायचं. शिवाय कॅमेरा नाकासमोरच्या गवताच्या पात्याला धरून बसायचा आणि मागचा सगळा माळ धुरकट करून टाकायचा. घरी त्याने वायर टीव्हीला जोडली आणि चित्रण लावलं. बनाबाई पडद्याच्या अगदी पुढ्यात, स्टुलावर बसली.

“नुसतं गवतच आलंय आये.”

“असू दे की. कुसळी हाय ही. ह्या साली लई दाट आलीया.” तिने पडद्यावरून हात फिरवला. “व्हल्याची पाखरं का उठत्यात गवतातनं? पाण्याला आली असत्याल. बाजूला नाला असंल.”

नाला होता. बिरुदेवने पुढच्या खेपेला जाऊन पाहिलं.

हळूहळू हात बसला. त्याने कॅमेऱ्याला तिपाई घेतली. कॅमेऱ्याला आपोआप शोधू द्यायचं नाही, लांबचं अंतर आपणच धरून ठेवायचं, हे तो शिकला. वाऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून सोनालीने माइकवर लोकरीचा तुकडा शिवून दिला. वनरक्षक अभिमन्यू त्याला ओळखू लागला होता. तो रीतसर परवानगी बघून लपणगृहापर्यंत सोडायचा आणि बजावायचा, “काका, हितनं म्होरं पाऊल टाकायचं न्हाई. आला तर आला.”

कितीतरी रविवार हूम आला नाही. काळवीट आले, लांडग्याची एक जोडी नाल्यातून वर चढून गेली. बनाबाईने ते सगळं पाहिलं आणि दर वेळी म्हणाली, “चांगलं हाय.” पण आता ती स्टूल अजून पुढे सरकवू लागली होती.

श्रावणातल्या एका सकाळी आधी आवाज आला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार भरावा, तसा. हूंऽऽम. बिरुदेवच्या छातीत तो कानाआधी पोहोचला. लहानपणी मेंढरांच्या उबेत झोपलेला असताना ऐकलेला हा आवाज आपल्या अंगात अजून आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

समोरच्या टेकाडावर एक पांढरा ठिपका होता. त्याने कॅमेरा वळवला, अंतर धरलं, आणि तो ठिपका त्याच्यासमोर उभा राहिला. डोक्यावर काळी टोपी, उसासारखे दणकट पाय, उंची मेंढीहून कमी नव्हे. नराने मान मागे टाकली, शेपूट पाठीवर उलटी पसरली आणि गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत जवळजवळ जमिनीला टेकली. तो एकेक पाऊल टाकत स्वतःभोवती फिरला. सगळा माळ आपल्यासाठीच मोकळा ठेवलाय, अशा चालीने. पिसांतून वारा जाताना दिसत होता. गळा हलायचा आणि आवाज मागाहून यायचा.

बिरुदेव बघत राहिला. मग त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तांबडी खूण नव्हती. बटण दाबलेलंच नव्हतं.

त्याने दाबलं. कॅमेऱ्याने बारीक ‘टिंग’ केलं. नराची मान ताठ झाली. तो सरळ भिंगाकडे पाहत होता.  आता हा उडणार आणि आये आंधळी होणार, या दोन गोष्टी त्याच्या मनात एकच होऊन बसल्या.

नर उडाला नाही. मान खाली गेली, पिशवी पुन्हा भरू लागली. थोड्या वेळाने बिरुदेवने पडद्यावरून डोळे काढले आणि नुसत्याच नजरेने त्या लांबच्या ठिपक्याकडे पाहिलं. त्याने नकळत हात जोडले होते.

घरी सोनालीने खिडकीचे पडदे ओढले. बनाबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. हूंऽऽम झालं तशी तिने डोक्यावरचा पदर सावरला.

“अगं बया!” ती पुटपुटली. “हाईस व्हय रं तू अजून?”

 नर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग तिने पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तोंड फिरवून पाहिलं.

“मेंढरं कुटं दिसंनात ती?”

बिरुदेव म्हणाला, “तितं आता सोडत न्हाईत, आये.”

“व्हय की. इसरले.” मग अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, “आपल्या मेंढरांतनं फिरायचा ह्यो. मेंढरांनी गवतातलं किडं उठवलं की वेचायचा. तुझा बा म्हणायचा, धनी आलाय, कुत्र्याला धरा.”

“मला वाटलं, तुला राग असंल त्याचा.”

“त्याचा? त्यो कुटं आला हुता सांगाय, तुमी जावा म्हणून?”

ती रोज चित्रण लावायला सांगे. दिवाळीनंतर तिची नजर पूर्ण गेली. त्या पावसाळ्यानंतर बिरुदेवला तो नर पुन्हा दिसला नाही, अभिमन्यूलाही नाही.

माघातल्या एका संध्याकाळी बिरुदेव कामावरून आला, तेव्हा दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या वैजयंतीबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या आणि बनाबाई स्टुलावर, पदर डोक्यावर घेऊन, ताठ. टीव्ही चालू होता.

“आता बघा, मान मागं टाकंल,” ती सांगत होती. पडद्यावर नराने मान मागे टाकली. “आता शेपूट पसरंल. बोलू नगा हां. गळा भरतोय त्याचा.”

वैजयंतीबाई तोंडावर हात ठेवून पाहत होत्या. आत जायचं तर टीव्हीसमोरून जावं लागणार होतं. बिरुदेवने बूट काढून हातात घेतले आणि तो दारातच उभा राहिला.