बाबाच्या सुरात

ती पार्लर चालवायची. हात इतका हलका, की केस धुताना गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायला लागे. पण पोटच्या पोरीच्या डोक्याला हात लावायची तिची बिशाद नव्हती. आठ वर्षांची मनी स्वमग्न. कात्री नुसती वाजली तरी कान दाबून किंकाळ्या फोडायची. तिचे केस कापायचा तिचा बाबा. तो बसचा ड्रायव्हर; कापायचा अगदीच वेडेवाकडे. "उंदरांनी कुरतडलंय की काय!" म्हणत आई पोट धरून हसायची.

मग एका दुपारी डेपोतच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

मनी रडली नाही. भेटायला आलेल्या माणसांच्या गर्दीत ती बाटल्यांची झाकणं ओळीत मांडत बसली. "बरंच आहे, तिला काही कळत नाही," नणंद म्हणाली. ते वाक्य आईच्या जिव्हारी लागलं, कारण तिच्याही मनात तेच सलत होतं. ज्याने हिच्यासाठी जिवाचं रान केलं, त्याची हिला आठवणसुद्धा नाही?

महिने गेले. मनीच्या केसांच्या जटा झाल्या. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी नणंदेने मनीला घट्ट धरलं आणि आईने कात्री उचलली. मनीने आत्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, हिसडा देऊन सुटली आणि कपाटामागे दडून बसली. "तुझं तू निस्तर बाई!" म्हणत नणंद हात चोळत निघून गेली. आई तिथेच फरशीवर बसली. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू हमसून हमसून बाहेर आलं.

बऱ्याच वेळाने कपाटामागून आवाज आला, "झालं, झालं. बघ, थांबलो मी."

आईने मान वर केली. 'थांबले' नव्हे, 'थांबलो'. शब्द त्याचे, शेवटी लांबवलेला सूरही त्याचाच.

डोळे पुसत तिने विचारलं, "बाबा अजून काय म्हणायचा गं?"

मनी भिंतीकडे बघत बोलत राहिली. "आधी तू धर कात्री. गार आहे ना? आता एकच बट. नको? बरं, नको तर नको. उद्या बघू."

म्हणजे पोरीने बापाला आत जपून ठेवलं होतं, अख्खाच्या अख्खा. तिची रडायची रीत ही होती आणि आईला ती ओळखताच आली नव्हती.

तिने कात्री मनीच्या हातात दिली. त्या दिवशी काहीच कापलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बट निघाली. हळूहळू जटा सुटल्या.

पुढे सुट्टीच्या दिवशीही ती पार्लर उघडायला लागली, फक्त मनीसारख्या मुलांसाठी. ड्रायर बंद, आरसे चादरींनी झाकलेले. पहिल्यांदा एक आजोबा नातीला घेऊन आले. "सगळे म्हणतात, आधी हिला शिस्त लावा," ते दारातूनच ओशाळून म्हणाले. नात टेबलाखाली शिरली ती निघायची वेळ होईस्तोवर तिथेच.

"तुमचा वेळ फुकट घालवला हो आम्ही."

"फुकट कसा? कंगवा धरला की तिने हातात!"

"हे शिकलात कुठे?"

"माझ्या नवऱ्याकडे," ती म्हणाली. "लेकीने समजावून सांगितलं."

आजोबांनी पुढच्या सुट्टीची वेळ मागून घेतली.